वांगासाठी केमिकल पील: ६ फेब्रुवारीच्या लग्नाआधी करून घेऊ का?

मांजलपूर_४३

नमस्कार. मी बडोद्यात मांजलपूरला राहते, वय ४३, रावपुऱ्याकडच्या एका शाळेत शिकवते. धाकटीच्या वेळी दिवस गेले तेव्हा, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले. कधी फिकट होतात, कधी गडद, पण गेले कधीच नाहीत. यंदाच्या नवरात्रात तर फारच उठून दिसत होते. गरब्याच्या फोटोत ओठावर मिशीसारखी सावली आली होती. धाकटीने तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी मोबाइलमध्ये तेवढा भाग पुसून घेतला. तिने प्रेमानेच केलं, पण मला ते दिवसभर लागून राहिलं.

६ फेब्रुवारीला पुतणीचं लग्न आहे. आज डिसेंबरची पाच तारीख, म्हणजे हातात दोन महिने आहेत. कमुरता, म्हणजे धनुर्मास, उतरले की घरात पाहुण्यांची वर्दळ सुरू होईल, तेव्हा जे करायचं ते आताच.

दोन ठिकाणी चौकशी केली. घराजवळच्या पार्लरमध्ये 'ग्लो पील' करतात, म्हणजे आम्ल लावून चेहऱ्याची वरची कातडी सोलवतात. तीन सिटिंगचे मिळून साडेतीन हजार, दर दहा दिवसांनी एक, शेवटचं लग्नाच्या चार दिवस आधी. वांग मुळापासून निघतील असं ती म्हणते. मग एका स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, आधी तीन-चार आठवडे फक्त सनस्क्रीन आणि रात्री लावायची एक क्रीम, त्यानंतर ग्लायकोलिक आम्लाचं पील, दर तीन आठवड्यांनी, असं पाच-सहा वेळा. एका वेळचे दोन हजार. लग्नापर्यंत जेमतेम एक होईल. वर हेही सांगितलं की वांग पूर्ण जातील असा शब्द मी देत नाही. खरं सांगायचं तर पैसे जास्त, वेळ जास्त आणि खात्रीही नाही, म्हणून माझं मन पार्लरकडे झुकतंय.

ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनी सांगा. फार जळतं का? किती दिवस तोंड लपवावं लागतं? मला परीक्षांमुळे रजा मिळणार नाही आणि रोज ॲक्टिव्हावरून वीस मिनिटं जाणं, वीस मिनिटं येणं आहे. चेहऱ्याला स्कार्फ बांधते. सध्या मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब लावते, दीडेक वर्ष झालं. तिने चेहरा चांगला राहतो, फक्त दोन दिवस लावली नाही की लाल होतो आणि खाजतो. पीलबरोबर ती चालू ठेवली तर चालेल ना?

मकरपुरा_शिफ्ट

काकू, माझं वांगाचं नव्हतं, मुरमांच्या डागांचं होतं, त्यामुळे तेवढंच सांगतो. वय २६, मकरपुरा जीआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. धूळ, घाम आणि दिवसभर हेल्मेट. मला डॉक्टरांनी सॅलिसिलिकचं पील केलं, ३० टक्क्यांचं, पंधरा-पंधरा दिवसांनी चार वेळा. ते तेलकट, मुरमाच्या चेहऱ्याला चालतं कारण ते तेलात विरघळतं आणि छिद्रांच्या आत शिरतं. लावल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं सणसणीत चरचर होते, मग चेहरा बधिर झाल्यासारखा वाटतो. वर मीठ सांडावं तसे पांढरे कण दिसायला लागतात. मी घाबरलो होतो, पण तो त्या औषधाचाच सुकलेला थर असतो.

तिसऱ्या दिवशी नाकाच्या बाजूने आणि हनुवटीवर पापुद्रे सुटले, सहाव्या दिवशी सगळं साफ. कामाला एक दिवसही दांडी नाही. मुरूम कमी झाले, काळे डाग बरेच फिकट झाले. पण जे खोल खड्डे पडले होते ते तसेच आहेत. खड्डे या पीलने भरत नाहीत हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मी चारही वेळा आरशात खड्डेच बघत होतो. आणि ज्यांना ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे किंवा ज्या गरोदर आहेत त्यांनी सॅलिसिलिकच्या वाटेला जाऊ नये, फॉर्मवर हे दोन्ही प्रश्न होते.

शिलाई_दांडियाबाजार

ताई, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला होता. दिवसभर गिऱ्हाइकं होती, आता शटर ओढून निवांत लिहायला बसले आहे, कारण हे दोन ओळींत सांगण्यासारखं नाही. मी दांडिया बाजारात ब्लाउज शिवते, सत्तावीस वर्षं झाली. वय ५२. वांग तुमच्यासारखेच, दोन्ही गाल आणि वरचा ओठ.

मी पार्लरमध्ये पील करून घेतलं होतं. पाच वर्षं होतील आता. २६ जानेवारीला मुलाचा साखरपुडा होता, मी ९ जानेवारीला गेले. तिथल्या मुलीने एका पांढऱ्या बाटलीतून वाटीत औषध ओतलं, बाटलीवर नाव नव्हतं, टक्का नव्हता. मी कसल्या गोळ्या घेते, काय लावते, आधी कधी केलंय का, यातलं एकही विचारलं नाही. कपाळ, गाल, ओठ, सगळीकडे ब्रश फिरवला, गालांवर दोनदा. मध्येच तिला फोन आला. मला चांगलंच जळायला लागलं होतं, मी हात वर केला, तर म्हणाली, जळतंय म्हणजे काम करतंय, थोडं सोसा. किती मिनिटं गेली ते कोणी मोजलं नाही. हे वाक्य तुम्हाला ज्या खुर्चीत ऐकू येईल त्या खुर्चीतून तेव्हाच उठा आणि नळाखाली तोंड धरा.

तरीही कदाचित निभावलं असतं. पुढचं मी स्वतः केलं. पाचव्या दिवशी उत्तरायण, म्हणजे संक्रांत. बडोद्यात त्या दिवशी घरात कोण बसतं? सकाळी आठला आम्ही सगळे गच्चीवर. डोक्यावर टोपी होती, तेवढ्याने भागलं असं मला वाटलं. पण पतंग उडवणाऱ्याची मान दिवसभर वरच असते. मी नुसती फिरकी धरून उभी होते, तरी तोंड आभाळाकडेच. हनुवटीजवळ कातडीचा पापुद्रा सुटला होता, तो उभ्या उभ्या नखाने ओढून काढला. उंधियू, जिलबी, पुन्हा गच्ची. संध्याकाळी चेहरा तव्यासारखा तापला होता. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, परत तेच.

२० तारखेच्या सुमाराला गालाच्या दोन्ही हाडांवर, जिथे ब्रश दोनदा फिरला होता बरोबर तिथे, ब्रशच्या रुंदीचे काळे पट्टे उमटले. वांग तर वांग, त्यावर हे. साखरपुड्याचे फोटो मी आजही उघडत नाही. ते पट्टे जायला दसरा उजाडला.

त्यानंतर ज्या डॉक्टर मॅडमकडे गेले त्यांनी पहिल्या दिवशी पील केलंच नाही. खोली अंधारी करून एका निळसर दिव्याखाली चेहरा बघितला. म्हणाल्या, तुमचा काही रंग वरच्या थरात आहे आणि काही खाली उतरलाय. वरचा पीलने फिकट होईल, खालचा हलक्या पीलने निघत नाही, आणि तो काढायला खोल पील करावं तर आपल्या कातडीला ते झेपत नाही. कातडीचे रंगाप्रमाणे सहा प्रकार मानतात, आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्यात येतात. ही कातडी भाजली, खरचटली, नुसती चिडली तरी रंग धरते. माझे पट्टे म्हणजे तोच धरलेला रंग. म्हणजे ज्या औषधाने डाग काढायचे तेच जास्त झालं तर नवे डाग पाडतं. हे मला आधी कळलं असतं तर मी त्या खुर्चीत बसलेच नसते.

मग चार आठवडे तयारी. तुमच्या डॉक्टरांनी जे तीन-चार आठवडे सांगितले ना, जे तुम्हाला वेळकाढूपणा वाटतात, ते हेच. मला ते माझ्या कामामुळे लगेच पटलं. अस्तराचं कापड आम्ही आधी भिजवून, वाळवून, मग कापतो. तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं रेशीम ओढून धरतं, ब्लाउज वाया. चेहऱ्याचंही तसंच. सकाळी सनस्क्रीन, रात्री रंग दाबणारी क्रीम, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशी आधीच शांत झालेल्या असतात, आणि औषध सगळीकडे सारखं शिरतं. पीलच्या पाच दिवस आधी रात्रीची क्रीम बंद. आठवडाभर आधीपासून थ्रेडिंग नाही, ब्लीच नाही, वॅक्सिंग नाही. कानामागे थोडंसं लावून दोन दिवस वाट बघितली. रेशमावर इस्त्री फिरवण्याआधी आतल्या माजावर, म्हणजे शिलाईत दडणाऱ्या जादा कापडावर, टेकवून बघतो तसंच हे.

प्रत्यक्ष सिटिंग असं झालं. डोकं उंच करून बसवलं. स्पिरिटने चेहऱ्याचं तेल पुसलं. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठ यांवर व्हॅसलिन, कारण औषध तिथे साचतं. डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या, आणि पाण्याने भरलेली सिरिंज शेजारी तयार, थेंब डोळ्यात गेला तर लगेच धुवायला. ग्लायकोलिक, पहिल्या वेळी ३० टक्के. कपाळापासून सुरुवात, ओठावरचा भाग सगळ्यात शेवटी. घड्याळ लावलं होतं आणि मॅडम डोळे न हलवता चेहऱ्याकडे बघत होत्या. दोन मिनिटं झाली, एका गालावर लाली जरा जास्त दिसली, तर घड्याळ संपायची वाट न बघता तिथलं आधी थांबवलं. ग्लायकोलिक आपोआप थांबत नाही, त्यावर सोड्याचं पाणी फिरवावं लागतं, तेव्हा ते मरतं. क्षणभर फेस येतो आणि ऊब लागते. मग गार पाण्याच्या घड्या. जळतं किती विचाराल तर मिरची चिरलेला हात गालाला लागावा एवढं, आणि तेही तीन-चार मिनिटं. संध्याकाळी मी मशीनवर बसले होते.

नंतर आठवडाभर चेहरा कोरडा, ताणलेला, तोंडाच्या कडेला बारीक कोंडा. साधं मॉइश्चरायझर दिवसातून चार वेळा. पापुद्र्याला हात नाही, वाफ नाही, उटणं नाही, टॉवेलने घासणं नाही, टिपायचं फक्त. टिकली पण आठ दिवस लावली नाही. सहा सिटिंग झाली, मध्ये तीन-तीन आठवडे, टक्का आणि मिनिटं हळूहळू वाढवत. शेवटी वांग निम्म्याहून जरा जास्त फिकट झाले. गेले म्हणाल तर नाही. दर मे महिन्यात पुन्हा थोडे वर येतात, कारण ज्या गोष्टींनी ते येतात, ऊन, हार्मोन, घराण्याची कातडी, त्या तिथेच आहेत. माझ्या आईलाही होते.

आता तुमचं. लग्नाच्या चार दिवस आधी पील अजिबात नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच तर साल सुटते, तुम्ही मांडवात कोंडा उडालेला चेहरा घेऊन उभ्या राहाल आणि त्यावर मेकअप बसत नाही, गोळे होतो. दर दहा दिवसांनी तर नकोच. आधीची कातडी भरून यायच्या आत पुन्हा सोलणं म्हणजे माझ्यासारखं होणं. आणि डॉक्टरांचं पहिलं सिटिंग मोजून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येत असेल तर त्यांना स्पष्ट सांगा की उत्तरायणानंतर करू. त्यांच्या यादीत ही तारीख नसेल, आपल्या घरात असते. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवातही कपाळावर थोडंच लावू द्या.

स्कार्फ बांधा, पण सुती आणि रोज धुतलेला. एकच स्कार्फ आठ दिवस वापरला तर त्यातला घाम आणि धूळ गालावर घासत राहते. आणि स्कार्फच्या आत सनस्क्रीन हवंच, दोन बोटांवर पेरभर नव्हे, पूर्ण लांबीची रेघ काढून तेवढं, चेहरा आणि मानेला. शाळेतून निघताना परत. वांगाला नुसतं अतिनील किरणांचंच नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचंही वावडं असतं, म्हणून मला मॅडमनी रंगाची झाक असलेलं सनस्क्रीन दिलं, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. ते लावल्यावर मे महिन्यातलं परतणं कमी झालं, हे मी दोन उन्हाळे बघितलंय.

आणि ताई, ती ट्यूब. तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीत, मला सगळ्यात जास्त तीच खटकली. दोन दिवस सोडली की लाल होतं, खाजतं, असं माझ्या दुकानातल्या एका मुलीचं व्हायचं. ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर इथे लिहा. आणि डॉक्टरांना तिच्याबद्दल सांगितलं होतंत का?

निवृत्त_क्यूसी

वरच्या ताईंनी लिहिलं त्याला मी फक्त रसायनाची बाजू जोडतो. मी बडोद्यातल्या एका औषध कारखान्यात ३१ वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो.

बिननावाची बाटली ही किरकोळ गोष्ट नाही. आणि नाव असलं, टक्का लिहिलेला असला तरी तेवढ्याने काहीच कळत नाही, पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जहाल), कळावा लागतो. ग्लायकोलिक आम्लाचा पीकेए ३.८३ आहे. म्हणजे द्रावणाचा पीएच तेवढा असेल तर निम्मं आम्ल मोकळं असतं आणि निम्मं क्षाराच्या रूपात बांधलेलं. कातडीत शिरून काम करतं ते मुख्यतः मोकळं. आता ३० टक्के लिहिलेल्या दोन बाटल्या घ्या. एकीचा पीएच ३.८, तिच्यात मोकळं आम्ल सुमारे १५ टक्के. दुसरीचा दीड, तिच्यात जवळजवळ सगळंच्या सगळं ३० टक्के. लेबल सारखं, काम करणारं आम्ल दुप्पट. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांचे घटक तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या मंडळाने घरगुती वापराला १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नाही, तर सलूनमध्ये प्रशिक्षित हाताने ३० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३ च्या खाली नाही, अशी मर्यादा घातली आहे. त्याच्या पुढचं काम डॉक्टरांचं.

ऑनलाइन ७० टक्के ग्लायकोलिकच्या बाटल्या कुणीही मागवू शकतं, टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल) सुद्धा. टीसीए ग्लायकोलिकसारखं सोड्याने थांबवता येत नाही. ते प्रथिनं गोठवतं, कातडी पांढरी पडते, ती किती पांढरी पडली यावरून खोली ओळखायची असते, आणि ते ओळखायला शिकलेला डोळा लागतो. २०२४ च्या जुलैत अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, याच बाटल्यांबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला होता, कारण घरी वापरून भाजल्याच्या तक्रारी आल्या होत्या. १८८२ साली उन्ना नावाच्या जर्मन त्वचातज्ज्ञाने सॅलिसिलिक, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि टीसीए यांचे कातडीवरचे परिणाम लिहून ठेवले. औषधं तेव्हापासूनचीच आहेत. ती जपून वापरायला शिकण्यात मधली सव्वाशे वर्षं गेली. बिननावाच्या बाटलीत ते शिकणं कुठून येणार?

बाई, ट्यूबवरची नावं अवश्य लिहा. '-सोन' किंवा '-सोल' ने शेवट होणारं एखादं नाव आहे का बघा.

मांजलपूर_४३

दोघांनाही नमस्कार. ट्यूब आत्ता हातात घेऊन बसले आहे, चष्मा लावून वाचलं. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. खाली लाल रेघ आहे आणि बारीक अक्षरात, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच विकावे.

मला ही शेजारणीने सांगितली होती. पंधरा दिवसांत चेहरा इतका उजळला की मी सोडलीच नाही. मेडिकलवाला नाव सांगितलं की देतो. डॉक्टरांनी विचारलं होतं, काही लावता का. मी मॉइश्चरायझर म्हणाले. ट्यूबचं नाव घ्यायला ओशाळल्यासारखं झालं, एवढी शिकलेली बाई आणि दुकानदाराकडून घेऊन लावते असं त्यांना वाटेल म्हणून. आणि खरंच, ती मला औषध वाटतच नव्हती, पावडर-क्रीमसारखीच रोजची झाली होती. गालावर बारीक लाल रेषा दिसतात अलीकडे, त्या थंडीच्या समजत होते.

निवृत्त_क्यूसी

मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. ही तीन औषधांची क्रीम वांगासाठी डॉक्टर देतात, त्यात गैर काही नाही, पण काही आठवड्यांपुरती आणि नजरेखाली. दीड वर्ष रोज लावल्यावर स्टिरॉइडने कातडी पातळ होते, आतल्या बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात. तुमच्या लाल रेषा त्याच असू शकतात. सोडल्यावर लाल होणं, खाजणं म्हणजे कातडीला सवय लागली आहे. आपल्या देशात हे इतकं झालंय की त्वचेच्या डॉक्टरांनी अशा चेहऱ्याला वेगळं नावच दिलंय. २०१८ मध्ये सरकारने लावायच्या बऱ्याच स्टिरॉइड्सची नावं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, घातली ती याचसाठी. दुकानदाराने ती तुम्हाला चिठ्ठीशिवाय द्यायलाच नको होती.

त्यात ट्रेटिनॉइन. ते वरचा मृत थर कमी करतं, त्यामुळे त्यावर पील केलं तर आम्ल ठरवल्यापेक्षा खोल जातं. अशा चेहऱ्यावर बिननावाचं ग्लो पील, हा विचार तुम्ही आजच सोडा अशी कळकळीची विनंती. आणि ट्यूब घाबरून आज रात्री फेकूनही देऊ नका, एकदम बंद केली की चेहरा उसळतो. कशी कमी करायची ते डॉक्टर ठरवतील.

शिलाई_दांडियाबाजार

ताई, ओशाळू नका. माझ्या दुकानात ब्लाउजच्या मापाला येणाऱ्या दहा बायकांतल्या तीन-चारजणी तरी ही नाहीतर हिची बहीण लावतात. नवरीमुली लावतात. मी आरशासमोर माप घेताना त्यांच्या गालावरच्या लाल रेषा बघते आणि आता विचारते, आधी विचारत नव्हते.

ट्यूब पर्समध्ये टाका आणि उद्याच्या उद्या त्याच डॉक्टरांकडे जा. त्यांच्या फीची अडचण असेल तर सयाजी हॉस्पिटलचा स्किन विभाग आहे, केसपेपर काढून सकाळी लवकर गेलात तर नंबर लागतो. आणि बाकीचंही सगळं सांगा, पाळीच्या किंवा पाळणा लांबवायच्या गोळ्या, ओठावर कधी तापाचे फोड (हर्पीस) उठले असतील तर ते, मुरमाच्या गोळ्या कधी घेतल्या असतील तर त्या. यातल्या प्रत्येकाने पीलचा बेत बदलतो. मला या सगळ्याचा एक कागद मॅडमनी भरून घ्यायला लावला होता, पार्लरमध्ये माझं नावसुद्धा नीट लिहून घेतलं नव्हतं.

मांजलपूर_४३

आज १३ डिसेंबर. शिलाईताईंनी दुसऱ्या दिवशी जायला सांगितलं होतं, मला परवा जमलं.

त्याच डॉक्टरांकडे गेले, ट्यूब टेबलावर ठेवली. ते रागावले नाहीत. भिंग लावून गाल बघितले आणि म्हणाले, बरं झालं आणलीत, मी चार आठवड्यांनी यावर पील केलं असतं आणि आपल्या दोघांनाही कळलं नसतं काय झालं ते. आता पील तीन महिने तरी नाही. ट्यूबच्या जागी दुसरी सौम्य क्रीम दिली आहे, ट्यूब एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, अशी उतरवायची. सकाळी रंगाची झाक असलेलं सनस्क्रीन, आणि साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर. मधले दोन-तीन आठवडे चेहरा लाल होईल, तेव्हा घाबरून परत ट्यूबकडे जायचं नाही, त्यांना फोन करायचा. होळी झाल्यावर बघू म्हणाले, आणि तेव्हाही ग्लायकोलिकऐवजी लॅक्टिक किंवा मँडेलिकपासून सुरुवात करू. मँडेलिकचा रेणू मोठा असतो, हळू शिरतो, म्हणून हळव्या झालेल्या कातडीला ते बरं.

पार्लरमध्ये पाचशे रुपये आगाऊ दिले होते, ते गेले. जाऊ देत.

कालची रात्र वाईट गेली. ट्यूब न लावण्याचा दिवस होता, गाल तापले होते, दोनदा उठून बाथरूमच्या कपाटापर्यंत गेले. मग ती ट्यूब धाकटीच्या हातात दिली आणि सांगितलं, ठरलेल्या दिवशीच मला द्यायची. तिने का ते विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, फोटोचंही. ती रडली. आम्ही दोघी गार पाण्याच्या घड्या करत बसलो होतो साडेबारापर्यंत.

उत्तरायणाला संध्याकाळीच गच्चीवर जाणार आहे, अंधार पडल्यावर तुक्कल, म्हणजे पतंगाच्या दोरीला बांधलेले कंदील, सोडतात तेव्हा. दिवसभर खाली चिक्की आणि उंधियू माझ्याकडे.

शिलाईताई, लग्नाचा ब्लाउज तुमच्याकडेच शिवायचा आहे. शनिवारी अर्धी शाळा असते, दुपारी येऊ का? अस्तर भिजवून, वाळवून आणते.